गोंद म्हणू नका

आमच्या बाईंसमोर एक शब्द उच्चारायला बंदी होती. गोंद.

परळच्या ज्या संशोधन संस्थेत मी पीएचडी केली तिथे त्यांची प्रयोगशाळा होती. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या जातात, हा त्यांचा विषय. दोन पेशी जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये अगदी बारीक फट राहते आणि निरोप त्या फटीतून पलीकडे जातो. फटीच्या दोन्ही काठांवर काही प्रथिनं असतात, अलीकडचं पलीकडच्याला धरतं. नवीन मुलं एवढं वाचून यायची आणि पहिल्याच दिवशी म्हणायची, म्हणजे गोंदासारखंच की. बाई हातातलं काम थांबवायच्या.

"गोंद कुणालाही चिकटतो," त्या म्हणायच्या. "हे आधी ओळखतं, मग धरतं. आणि कुणी कुणाला धरलंय त्यावर तिथे पुढे काय बांधायचं ते ठरतं. पलीकडच्या पेशीला उठवणारा जोड की गप्प करणारा, मजबूत की लेचापेचा, टिकणार की मोडणार. गोंदाला यातलं काय कळतं?"

पोरगं मान हलवायचं.

"मग गोंद म्हणू नका."

त्यांना मॅडम म्हटलेलंही चालायचं नाही. गिरगावातल्या ज्या मराठी शाळेत त्या शिकल्या तिथे शिकवणाऱ्या सगळ्या 'बाई' होत्या, आणि आपण त्यांच्यापेक्षा वरच्या झालेलो नाही असं त्यांचं म्हणणं. मी लालबागच्या चाळीतली, आजोबा गिरणीत, वडील पोस्टात. मला बाई म्हणायला जड गेलं नाही. दिल्लीकडून आलेल्या एका मुलाने मात्र पहिले काही महिने त्यांना हाकच मारली नाही, नुसता समोर जाऊन उभा राहायचा.

ठेंगणा बांधा, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी आणि साडीखाली पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. प्रयोगशाळेत पायावर काही सांडू नये म्हणून कधीतरी घातलेले ते बूट पुढे त्यांच्या पायांतून निघालेच नाहीत. माझ्या लग्नातही त्या तेच घालून आल्या. अक्षता टाकून झाल्यावर आम्ही वाकून नमस्कार केला, तर म्हणाल्या, "बहुतेक सुखी व्हाल." माझ्या सासूबाईंचा चेहरा पडला. मी त्यांना बाजूला नेऊन समजावलं की हा आशीर्वाद फार मोठा आहे. बाई कुणाला फुकट 'बहुतेक' देत नाहीत.

खरंच देत नसत. आम्ही लिहिलेल्या प्रत्येक मसुद्यात त्या पेन्सिलने जागोजागी 'बहुतेक' घालायच्या. कुठेकुठे तर तेही खोडून 'माहीत नाही' लिहायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली काही सुंदर दिसलं आणि कुणी नाचायला लागलं, की त्या आधी खुर्ची ओढून बसायला लावायच्या. खोटं वाक्य एकदा बाहेर पडलं की आपल्या हातात राहत नाही, असं त्या म्हणत. त्यामुळे त्यांचे निबंध थोडे, उशिरा, आणि बक्षिसं जवळजवळ नाहीतच. त्यांच्या बरोबरीची माणसं संचालक झाली, परदेशी गेली. बाई दुपारी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसून भाकरी आणि सुका जवळा खायच्या. वासाची तक्रार झाली होती म्हणून खोलीतून उठून त्या जिन्यावर गेल्या होत्या. पण जवळा सोडला नाही. त्यांचं मूळ मालवणकडचं. यंत्र अडलं की त्याला मालवणीत शिव्या घालायच्या, त्याही हळू आवाजात, समजूत काढल्यासारख्या.

एक प्रयोग मी त्यांच्या हाताखाली पहिल्यांदा केला तो सांगते. तो आमच्या विषयातला जुना, गाजलेला प्रयोग आहे. मूत्रपिंडाच्या पेशी घ्यायच्या, ज्यांचा मेंदूशी काही संबंध नाही. त्यांच्या अंगावर ते पलीकडच्या काठाचं प्रथिन येईल अशी व्यवस्था करायची आणि त्यांना मेंदूच्या पेशींशेजारी ठेवायचं. मेंदूच्या पेशीचा तंतू सरपटत येतो, त्याला ते प्रथिन भेटतं, आणि आपलं माणूस भेटलं असं समजून तो तिथे थांबतो. नुसता थांबत नाही. जोडाची आपली अर्धी बाजू पुरी बांधतो, निरोप भरलेल्या पिशव्या काठावर आणून ठेवतो. काळोख्या खोलीत मला पडद्यावर हिरवे ठिपके दिसले. मूत्रपिंडाच्या पेशीच्या कडेने ओळीने लागलेले. मी बाईंना बोलावून आणलं. मला वाटलं, आज तरी शाबासकी मिळणार.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिचारा."

मी विचारलं, कोण?

"हा. सगळी तयारी करून बसलाय. समोर ऐकणारं कुणी नाही, आणि त्याला ते कळायला मार्ग नाही."

त्या उठून गेल्या. शाबासकी राहिली ती राहिलीच.

मी तिथे असतानाच एका मराठी वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. चांगला मुलगा होता. बाईंनी त्याला दुपारभर बसवून समजावलं. या प्रथिनांच्या जनुकांमध्ये काही बिघाड असला तर काही मुलांना स्वमग्नता, काहींना फिट्स, काहींना आणखी काही होताना दिसतं, पण अनेकांना काहीच होत नाही. आणि इलाज म्हणाल तर आज आमच्यापाशी काही नाही. हे सगळं त्याने वहीत घेतलं. रविवारी छापून आलं, 'मेंदूतला गोंद सापडला! स्वमग्न मुलांसाठी आशेचा किरण'. खाली बाईंचा बुटांसकट फोटो.

सोमवारी बाईंनी तो अंक जिन्यावर बसून वाचला आणि डबा न उघडता तशाच परत आल्या. संपादकांना फोन केला. चार दिवसांनी आतल्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळींचा खुलासा आला. तो कुणी वाचला नाही. लोक फाटकावर येऊ लागले होते.

ठाण्याहून, वसईहून, एकजण थेट चिपळूणहून. मुलाला कडेवर घेतलेले, हाताला धरलेले. फाटकावरचा माणूस वर फोन करायचा आणि बाई प्रत्येकासाठी खाली उतरायच्या. प्रत्येकाला तेच सांगायच्या, असं औषध नाही, छापलं ते चूक आहे. काही जण चिडायचे. एक वडील म्हणाले, मोठ्या लोकांसाठी असेल, आमच्यासाठी नाही. बहुतेक जण नमस्कार करून निघून जायचे. तो नमस्कार बाईंना सहन व्हायचा नाही. त्यापेक्षा चिडणारे बरे, असं त्या एकदा म्हणाल्या.

त्यांच्यातली एकजण मात्र परत आली. कफ परेडच्या मच्छीमार नगरातली कोळीण, तिशीची, बरोबर नऊ वर्षांची मुलगी. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत थोडं बोलायची, मग बोलणं गेलं. अधूनमधून फिट यायची. कुणाकडे बघायची नाही आणि आईच्या हातचाच घास घ्यायची. दुसऱ्या कुणी ताट पुढे केलं तर तोंड मिटून घ्यायची. आमच्या मजल्याच्या बोळात एक जुना फ्रीज होता, सतत घरघरणारा. मुलीला तो आवाज आवडला. ती त्याला गाल लावून उभी राहायची, तासन्‌तास. बाईंनी तिच्यासाठी तिथे एक स्टूल ठेवलं आणि फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसाला परत पाठवलं.

आईला बाईंनी सांगितलं होतंच की आमच्याकडे काही नाही. पण तिला औषध नको होतं. तिला रक्त तपासून हवं होतं. तिची सासू मुलीचं बोलणं गेल्यापासून म्हणत आली होती की हे तुझ्या माहेराकडून आलं, आमच्या घरात असं कुणी नव्हतं. सहा वर्षं रोज ते ऐकून तिला एकदा कागदावर लिहून हवं होतं की ते खोटं आहे. बाई नको म्हणत होत्या. शेवटी शेजारच्या रुग्णालयातल्या आपल्या डॉक्टर मैत्रिणीला सांगून त्यांनी तपासणी करवली. मुलीचं आणि आईचं रक्त घेतलं. बापाला बोलावलं होतं, तो बोटीवर होता, आला नाही.

निकाल आला तेव्हा बाईंनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. मुलीच्या जनुकांमध्ये एका ठिकाणी एक तुकडा गायब होता, आणि ती जागा नेमकी बाईंनी ज्याच्यावर आयुष्य काढलं त्या प्रथिनाची होती. आईच्या रक्तातही तोच तुकडा तसाच गायब होता.

"हे हिला सांगायचं कसं?" बाई म्हणाल्या. "आईकडून आलं हे खरं. पण आईला काहीच झालेलं नाही, हेही तेवढंच खरं. म्हणजे नुसता तुकडा जाणं पुरत नाही. आणखी काहीतरी लागतं, आणि ते काय ते मला माहीत नाही. सासूचं म्हणणं खरंही नाही आणि खोटंही नाही."

मी म्हटलं, डॉक्टरच सांगू देत. डॉक्टरही तयार होत्या. पण ती कोळीण डॉक्टरांकडे गेलीच नाही. ती सरळ वर आली आणि म्हणाली, त्या विंग्रजी बोलतात, तुम्ही सांगा.

बोळातल्या बाकावर त्या दोघी बसल्या. मुलगी फ्रीजपाशी. मी दारात उभी होते. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. एवढ्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तिच्यात एक तुकडा कमी आहे. तो तुमच्यातही कमी आहे."

"म्हंजी ही कमी तिला माझ्यातनं गेली?"

"हो. पण पुढचं ऐका. तुमच्यात तो नाही, तरी तुम्ही बोलता, धंदा करता, घर सांभाळता. म्हणजे त्या एकामुळे असं होत नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. बहुतेक आणखी काहीतरी..."

"माझ्यातनं गेली," ती म्हणाली. आता ती विचारत नव्हती.

बाईंनी पुन्हा सांगितलं. वेगळ्या शब्दांत सांगितलं, तिचा हात धरून सांगितलं. ती मान हलवत होती, पण तिचं लक्ष मुलीकडे होतं. मग उठली, मुलीचा गाल फ्रीजपासून सोडवला, तिला कडेवर घेतलं आणि बाईंना म्हणाली, "बरं झालं सांगितलात. कुनी खरं सांगत नाय." आणि गेली.

त्यानंतर ती आली नाही. फोन लागेना. महिना उलटल्यावर बाई मच्छीमार नगरात गेल्या, मला बरोबर घेऊन. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. सासू तिथेच खाली बसली होती. आमची ओळख सांगितली तेव्हा तिने आमच्याकडे पाहिलंही नाही, हातातला बोंबील दोरीवर अडकवत राहिली.

सून घर सोडून गेली होती. रक्ताचा निकाल तिने घरी येऊन स्वतःच सांगितला होता. "आय, तुमचंच खरं हाय," असं म्हणाली म्हणे. मग पंधरा दिवस मुलीला कमी कमी जवळ घेत गेली. शेजारणीला म्हणाली, माझ्यापासनं लांब ऱ्हायली तर पोरगी सुधरंल. आणि एक दिवस सकाळी बंदरावर जाते म्हणून निघाली ती परतली नाही. माहेरी नव्हती. नवऱ्याने दोन-चार ठिकाणी शोधलं आणि पुन्हा बोटीवर गेला.

बाई त्या वाळूत बसल्या आणि सासूला समजावू लागल्या. तुकडा, आई, आणखी काहीतरी, सगळं. सासूने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी म्हनत होते, तवा ती भांडायची. रोज भांडायची. तुमी म्हनलात, तवा गप झाली." तिच्या आवाजात राग नव्हता. म्हातारी रडतही नव्हती. मग ती आम्हाला घरात घेऊन गेली. मुलगी आत होती. जेवत नव्हती. आमच्यासमोर म्हातारीने भाताचा घास तिच्या तोंडाशी नेला, मुलीने ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे फिरवली. तिचे दंड काठीसारखे झाले होते.



पुढच्या रविवारपासून बाई तिथे जाऊ लागल्या. आधी रविवारी, मग निवृत्त झाल्यावर रोज. गिरगावातल्या त्यांच्या एका खोलीच्या घरातून भाकरी आणि माशाचं कालवण घेऊन निघायच्या. महिनोन्‌महिने मुलीने त्यांच्या हातचं काही घेतलं नाही. रात्री झाकून ठेवलेला भात सकाळी थोडा कमी झालेला असायचा, तेवढ्यावर ती जगत होती. म्हातारी एकदा रागावून म्हणाली, कशाला येता तुमी? बाई म्हणाल्या, मला दुसरं काही करता येत नाही. कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं की ताट ठेवून तिच्याकडे पाठ केली तर ती आपल्या हाताने दोन घास खाते. मग त्या रोज तेच करू लागल्या. ताट ठेवायच्या आणि समुद्राकडे तोंड करून बसायच्या. मागे वळून बघायच्या नाहीत. मी अधूनमधून जायची तेव्हा म्हातारी मला हळूच कुजबुजून सांगायची, खातेय. ते बाईंना ऐकू जाऊ नये अशी तिची धडपड असायची, जणू ऐकून त्या वळतील आणि सगळं बिघडेल.

मुलीने बाईंना ओळखलं असं मात्र कधी वाटलं नाही. मी एकदा विचारलं, तिला तुमची सवय झालीय का? बाई म्हणाल्या, "ताटाची झालीय."

प्रयोगशाळेची खोली दुसऱ्या कुणाला मिळाली. बाईंनी विषयाचं वाचणंही सोडलं. दादरच्या एका वाचनालयाने त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं, मीच आग्रह करून त्यांना नेलं. पहिली दहा मिनिटं त्या सुरेख बोलल्या. मग एका गृहस्थांनी उठून विचारलं, याचा सामान्य माणसाला उपयोग काय? "अजून काही नाही," बाई म्हणाल्या. "अपाय झालेला मी पाहिलाय." आणि खाली बसल्या. आयोजकांनी घाईघाईने आभार मानले, पुष्पगुच्छ दिला. तो त्यांनी टॅक्सीवाल्याला देऊन टाकला.

गेल्या वर्षी मच्छीमार नगरातल्या एका कोळणीने बाईंना सांगितलं की ती माहीमच्या बाजारात मासे विकते. मुलीची आई. माहीमच्या कोळीवाड्यातच कुणाच्या तरी घरी राहते. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची झाली होती. मी माहीमला राहते, म्हणून बाईंनी मला बरोबर घेतलं. मी म्हटलं, आधी मी एकटी जाऊन बोलून येऊ का? त्या म्हणाल्या, नको, सांगितलं मी होतं, उरलेलंही मीच सांगायला हवं. गाडीत त्या पुटपुटत होत्या. काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होत्या.

ती सापडली. बाजाराच्या टोकाला, पाटीत पापलेटं आणि थोडी कोळंबी, बाजूला बर्फ. केस पिकले होते. आम्ही चार हातांवर आलो तेव्हा तिने वर पाहिलं. गिऱ्हाईकाकडे बघावं तसं आधी, मग तिची नजर खाली बाईंच्या बुटांकडे गेली. ती उठली. घाबरली नाही, ओरडली नाही. हातातला कोयता पाटीत ठेवला, पदर खोचला आणि गर्दीतून चालत निघून गेली. बाईंनी हाक मारली. ती थांबली नाही. मी धावले, पण मागच्या गल्ल्यांमध्ये ती कुठे वळली ते मला दिसलं नाही.

परत आले तर बाई तिच्या पाटीमागे बसलेल्या. मी म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, तिचा माल उघडा पडलाय, ती येईपर्यंत बसते. गिऱ्हाईकं येत होती. पापलेट कसं दिलं विचारत होती. बाई सगळ्यांना सांगत होत्या, मालकीण आत्ता येईल. बर्फ वितळून पाणी त्यांच्या साडीखालून वाहत होतं. शेजारची कोळीण कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघायची. एकदा तिने आपल्याकडचा मूठभर बर्फ त्या पाटीवर टाकला. दुपार झाली, बाजार विरळ झाला. मांजरं जवळ येऊ लागली, बाई त्यांना हाताने हाकलत होत्या.

शेवटी शेजारणीने आपली जागा पाणी ओतून धुतली आणि म्हणाली, "बाई, उठा आता. ती नाय यायची."

"उद्या?"

"उद्या पन नाय. तुमी जागा बघितलात ना. आता दुसरीकडं कुठं तरी बसंल."

बाईंनी उठायचा प्रयत्न केला, पाय आखडले होते. मी त्यांना हात दिला. शेजारणीने पाटी आपल्याकडे ओढून घेतली आणि कोयता ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. बाईंची साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती, तिला माशाचा वास येत होता. बाई रस्त्यापर्यंत माझ्या दंडाला धरून आल्या. तिथे थांबल्या आणि म्हणाल्या, "मी आले नसते तर ती आत्ता तिथे बसलेली असती."

मी टॅक्सीला हात केला. त्या मागे बसल्या, मी शेजारी बसले. ड्रायव्हरने विचारलं, कुठे? मी गिरगाव म्हणणार होते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "कफ परेड. पोरीची जेवायची वेळ टळून गेलीय."